नारिंगी शर्टाच्या मागे

तपासनिसाचा या जगात विश्वास होता तो फक्त स्वतःच्या पायांवर. बाकी सगळा आनंदच होता. त्यात त्याचाही फारसा दोष नव्हता म्हणा. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासायचे, हे त्याचं काम. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक, आतून पोखरलेलं वजन, माप भरताना अंगठा आत बुडवणारा दुकानदार, हे बघण्यात ज्याची उमर गेली, तो माणूस घरी येऊन चहाच्या कपाकडेसुद्धा तिरक्या नजरेने बघणार नाही तर काय करणार? बायको म्हणायची, "अहो, चहा आहे तो, पुरावा नाही." तरी हा आधी हुंगायचा, मगच घोट घ्यायचा.

पळण्याचं वेड मात्र अगदी निर्मळ. सकाळी सगळे अंथरुणात लोळत असताना हा बुटाच्या नाड्या आवळून बाहेर. का, तर वर्षातून एकदा गावात रस्त्यावरची शर्यत असायची. छोटी दहा किलोमीटरची आणि मोठी एकवीसची. तपासनीस छोटी पळायचा. बक्षीसबिक्षीस कधी मिळालं नाही, मिळायची आशाही नव्हती. त्याला हरवायचं होतं एकाच माणसाला, आणि तो म्हणजे त्याचा साडू.

आता साडूचं नातं कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं! एकाच घरचे दोन जावई, म्हणजे एका म्यानात दोन तलवारीच. त्यातून हा धाकटा जावई दिसायला देखणा, बोलायला गोड, बाजाराच्या तोंडाशी पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडांचं ऐसपैस दुकान. सासूबाईंच्या घरातले पडदे त्याचे, उशांचे अभ्रे त्याचे, आणि सासूबाईंच्या तोंडी नावही त्याचंच. "धाकटे जावई म्हणत होते", "धाकट्या जावयांनी सुचवलं", "धाकटे असते तर चटकन झालं असतं". थोरला जावई समोर बसलेला असायचा, पण तो दिसायचा फक्त खुर्ची हवी असेल तेव्हा.

त्यातल्या त्यात एकच दिवस तपासनिसाचा होता. शर्यतीच्या दुपारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमायचे आणि सासूबाईंना, मनात असो नसो, म्हणावं लागायचं, "पळावं ते मात्र थोरल्यांनीच हो!" बस्स. तेवढं एक वाक्य. त्यावर गडी वर्ष काढायचा. गेल्या वर्षी साडू जेमतेम चार हात मागे राहिला होता, तेव्हापासून तपासनिसाला झोप धड लागत नव्हती. वय वाढत होतं, गुडघा कुरकुरत होता. यंदा तेवढं वाक्यही धाकट्याने नेलं, तर आपल्याकडे उरलं काय?

अशात साडू एकाएकी गोड वागायला लागला. म्हणजे गोड तो आधीपासून होताच, पण आता पाक फार झाला.

एका संध्याकाळी आपणहून घरी आला आणि म्हणाला, "साडूबुवा, यंदा सराव बरोबर करू या का? एकट्याने कंटाळा येतो."

"एवढी वर्षं नाही आला तो?" तपासनिसाने विचारलं.

"तेव्हा दम होता," साडू हसून म्हणाला. "आता सोबत लागते."

तपासनिसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि शत्रू नजरेसमोर असलेला बरा, असा विचार करून तो हो म्हणाला. झालं, दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. पण साडू कधी बरोबरीने पळायचाच नाही! कायम मागे. तेही लांब नाही, दोन पावलांवर. तपासनीस डावीकडे सरकला की तोही डावीकडे. हा थांबला की तो आदळता आदळता थांबायचा. त्याच्या बुटांची चपचप कानात भरून राहायची. भरीस भर म्हणून प्रश्न. "पुढे वळण आहे ना?" "शाळेच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर किती हो?" "पुलाखालचा तो बोगदा फार लांब नाही ना?"

"जन्म इथे गेला तुमचा," तपासनीस वैतागून म्हणाला. "बोगदा काय काल बांधला?"

"तसं नाही हो. नीट ठाऊक असलेलं बरं."

ऐकलंत? नीट ठाऊक असलेलं बरं! रस्ता पाठ करतोय लेकाचा, तपासनिसाने मनाशी नोंद केली. आणि एकदा असा चष्मा चढवल्यावर त्याला काय काय दिसायला लागलं म्हणता! साडूने गाडी चालवणं सोडलं होतं, दुकानातही चालत जायचा. म्हणजे चोरून जास्तीचा सराव. सासऱ्यांच्या वाढदिवसाला तपासनिसाने चारचौघांत हात पुढे केला, तर हा पठ्ठ्या त्या हाताकडे ढुंकूनही न बघता पुढे निघून गेला, आणि तपासनिसाला तो हात डोक्यावरून फिरवून वेळ मारून न्यावी लागली. म्हणजे माज. बैठकीच्या खोलीसाठी तपकिरी कापड सांगितलं होतं, त्याने धडधडीत जांभळं पाठवलं, आणि वर फोनवर म्हणतो, "तपकिरीच आहे की!" म्हणजे काय, तर जुना माल खपवला.

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "माणसाची चूक होते."

"पडदेवाल्याची? रंगात?" तपासनीस म्हणाला. "मी काट्यात चुकतो का कधी?"

बायको काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. तेही त्याने टिपलं. हल्ली ती बहिणीशी फोनवर बोलताना खिडकीशी जाऊन आवाज खाली आणायची. हा खोलीत आला की एकदम मोठ्याने, "बरं, मग आईला सांग हं!" आणि फोन बंद. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुरत मुरत थेट आपल्या घरात आलं होतं, याबद्दल त्याची खात्रीच पटली.

कळस झाला तो शर्यत तोंडावर आल्यावर. मेव्हणी आणि साडू दोघं आले, हातात एक पिशवी. पिशवीतून निघाला एक टी-शर्ट. नारिंगी. म्हणजे नुसता नारिंगी नाही, रस्ता खोदताना लोक घालतात ना तसला, डोळ्यांत खुपणारा.

"भाऊजी, तुमच्यासाठी," मेव्हणी म्हणाली. "रेसला हाच घालायचा हं."

"मला? हा?"

"छान दिसेल तुम्हाला," साडू म्हणाला. "गर्दीत उठून दिसाल."

ते निघून गेल्यावर तपासनिसाने शर्ट उलटा केला, शिवणी चाचपल्या, कॉलर हुंगली. काही सापडलं नाही. मग खुर्चीत बसून तो शर्ट मांडीवर घेऊन विचार करायला लागला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गर्दीत उठून दिसाल! म्हणजे साडूला आपण गर्दीत उठून दिसायला हवे आहोत. शर्यतभर आपल्या पाठीशी लपायचं, वारा आपण खायचा, वेग आपण ठरवायचा, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर ताज्या दमाने उसळी मारून पुढे. वा रे वा! आणि आपण त्याला आपल्या हाताने निशाण दाखवत पळायचं.

"मी नाही हा घालणार," तो म्हणाला.

बायको कधी नव्हे ती चिडली. "एवढ्या मायेने आणलाय त्यांनी. घालायचा म्हणजे घालायचा. माझ्यासाठी म्हणून घाला. वर्षात मी काही मागते का तुमच्याकडे?"

तिचे डोळे भरून आले होते. एका टी-शर्टासाठी? बायकोसुद्धा फितूर आहे, तपासनिसाला वाटलं, आणि तो मुकाट्याने हो म्हणाला. हो म्हणताना त्याचा बेत ठरला होता.

त्याच्या ओळखीचा एक पोस्टमन होता. उंची तीच, अंगकाठी तीच, पाठीमागून डोक्यावर दिसणारा टकलाचा चंद्रही तोच. सकाळी पळताना भेट व्हायची. पोस्टमन मोठी शर्यत पळायचा आणि थट्टामस्करीला कायम तयार असायचा. तपासनिसाने त्याला गाठून सगळं समजावलं. छोटी आणि मोठी शर्यत आधी एकाच रस्त्याने जातात. पुलाखालचा बोगदा संपला की बागेच्या कोपऱ्यावर फाटा फुटतो. छोटीवाले उजवीकडे, कालव्याच्या कडेने मैदानावर परत. मोठीवाले डावीकडे, नदीच्या पुलावरून गोदामांकडे. पोस्टमनने बोगद्यात थांबायचं, आपण काढून दिलेला नारिंगी शर्ट अंगात घालायचा आणि बाहेर पडून डावीकडे सुटायचं. साडू मागोमाग जाईल, थोडं पुढे गेल्यावर चपापेल, कपाळावर हात मारून परत फिरेल. तोवर आपण पार.

"नुसती गंमत हं," तपासनीस म्हणाला. "मागे वळून मात्र बघू नका. आणि तो काही बोलला तर ओ देऊ नका. गोड बोलून थांबवायला बघेल. फार गोड बोलतो तो."

"मला काय करायचंय बोलून?" पोस्टमन खिदळला. "मी आपला पळत सुटतो."

शर्यतीच्या दिवशी हवा छान गार होती. तपासनिसाने आत जुनं करडं बनियन घातलं, वर तो नारिंगी शर्ट. छातीवरचा नंबर त्याने मुद्दाम चड्डीला लावला. मैदानात माणसांची ही गर्दी, कुणी पाय ताणतंय, कुणी केळं खातंय, भोंग्यावर कुणीतरी घसा फोडतंय. साडू मेव्हणीचा हात धरून आला. या वयात हातात हात! तपासनिसाने मान फिरवली.

"आहेत, आहेत, समोरच आहेत," मेव्हणी नवऱ्याला म्हणाली आणि मग याच्याकडे बघून, "भाऊजी, फार पुढे जाऊ नका हं एकदम."

"का? शर्यत आहे ना?" हा म्हणाला.

"साडूबुवा बरोबर बोलतायत," साडू हसला. "त्यांना पळू दे त्यांच्यासारखं."

भोंगा वाजला. सुरुवातीला नुसती धक्काबुक्की, मग रस्ता मोकळा झाला. बाजार गेला, शाळा गेली. मागे तीच चपचप. स्पीडब्रेकर आला की ती चपचप क्षणभर अडखळायची आणि पुन्हा सुरू. चिकट आहे गोचीड, तपासनीस मनात म्हणाला. पण त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. एवढं कटकारस्थान करून गड्याच्या हातात पडणार काय, तर पोस्टमनची पाठ!

बोगदा आला. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की तिथे एकदम काळोख व्हायचा. दिवे होते, पण अर्धे गेलेले. तपासनिसाने वेग वाढवला आणि पळता पळताच शर्ट डोक्यावरून ओढला. भिंतीशी पोस्टमन तयारच होता.

मागून हाक आली. "साडूबुवा! आहात ना?"

आवाज जरा वेगळाच होता, घाबरल्यासारखा. तपासनिसाचं डोकं अजून शर्टातच होतं.

"आहे, आहे! चला पुढे!" तो ओरडला, आणि शर्ट पोस्टमनच्या हातात कोंबला.

बोगद्यातून बाहेर पडला तेव्हा तो करड्या बनियनवर होता, चार माणसांच्या आडोशाने, मान खाली घालून. नारिंगी पाठ डावीकडे वळली. साडूही डावीकडे वळला. फाट्यावर एक बाई हातात भलामोठा बाण घेऊन "दहावाले उजवीकडे, दहावाले उजवीकडे" म्हणून कंठशोष करत होत्या. त्यांच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर नारिंगीवर खिळलेली होती. तपासनिसाने त्याच्या हातावर अशा सफाईने तुरी दिल्या होत्या की त्याचं त्यालाच पळता पळता मोठ्याने हसू आलं. शेजारून पळणाऱ्या मुलीने त्याच्याकडे दचकून बघितलं.

कालव्याच्या कडेने तो असा पळाला, असा पळाला की गुडघासुद्धा कुरकुरायचं विसरला. पण थोड्या वेळाने त्याने मागे वळून पाहिलं. साडू नव्हता. पुन्हा पाहिलं. नव्हता. एव्हाना परत फिरून मागे लागायला हवा होता, तो तर चिवट. मग तपासनिसाला दुसरीच शंका आली. मधली एखादी गल्ली हेरून ठेवली असेल! आणि आता समोरून उपटेल! मग काय, शेवटपर्यंत तो प्रत्येक गल्लीच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत पळाला. कुणी उपटलं नाही. दोन्हीकडे दोर बांधलेल्या त्या शेवटच्या सरळ रस्त्यावरून तो एकटाच आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैदानात बायको आणि मेव्हणी उभ्याच होत्या. तपासनीस त्यांच्याकडे गेला तो छाती काढून. सासूबाईंचं वाक्य त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं.

"भाऊजी, हे कुठेत?" मेव्हणीने विचारलं.

"येतील की! रस्ता चुकले वाटतं," तो म्हणाला आणि हसला.

मेव्हणी हसली नाही. तिची नजर त्याच्या बनियनवर गेली. "शर्ट कुठाय तुमचा?"

"उकडत होतं. दिला एकाला."

मेव्हणीचा चेहरा पांढरा फटक पडला. तिने बहिणीचा दंड धरला. बायको म्हणाली, "कुणाला दिला? अहो, कुणाला दिला?"

"एका पोस्टमनला. मोठी शर्यत पळतो तो. काय झालं काय एवढं?"

"भाऊजी, त्यांना दिसत नाही," मेव्हणी म्हणाली.

तपासनिसाला आधी समजलंच नाही. "कुणाला?"

"यांना. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं गेलंय. समोरचं थोडं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं. रंग कळत नाहीत. दुकानातली सगळी कापडं बोळाच्या टोकाला एकेक करून टांगली आम्ही, त्यातलं हे नारिंगी तेवढं त्यांना ओळखू आलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत तेही राहील की नाही सांगता येत नाही. म्हणून एकदा पळायचं होतं त्यांना. मी पाया पडून नको म्हणत होते. तर म्हणाले, साडूबुवा असतात पुढे, काही होत नाही मला."

तपासनिसाने बायकोकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ती रडत म्हणाली. "तुम्हाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती त्यांनी. म्हणून तर तुमच्या हातापाया पडून सांगत होते, शर्ट घाला, शर्ट घाला!"

आपण पुढे केलेला हात साडूने माजाने टाळला नव्हता. जांभळं कापड फसवायला पाठवलं नव्हतं. आणि त्या बोगद्यातली हाक! तपासनीस पुढचं ऐकायला थांबलाच नाही. आत्ताच पळून आलेले पाय घेऊन तो पुन्हा पळत सुटला, शर्यतीच्या उलट दिशेने, मैदानाच्या मागच्या रस्त्याने नदीच्या पुलाकडे. लोक ओरडून सांगत होते, काका, शर्यत संपली तुमची! त्याला श्वास पुरत नव्हता. या पायांवर आपला विश्वास होता, आणि तेच आज गोळे येऊन वळत होते.

पुलावर त्याला नारिंगी शर्ट गोदामांकडून परत येताना दिसला. पोस्टमन एकटाच.

"कुठाय तो?" तपासनिसाने त्याचा हात धरला.

"अहो, परत फिरलाच नाही की!" पोस्टमन धापा टाकत म्हणाला. "चिकटूनच होता. हाका काय मारतो, साडूबुवा, जरा हळू, दिसेनासे होताय म्हणून. मी म्हटलं, आलं याचं गोड बोलणं! तुम्हीच सांगितलं होतं ना? मग दिला वेग वाढवून. गोदामांपाशी सुटला मागे."

तपासनिसाने त्याचा हात सोडला. शिकवलं तसं केलं होतं त्याने.

गोदामांच्या रस्त्यावर अर्धी बाजू पळणाऱ्यांना होती आणि अर्ध्या बाजूने ट्रक चालले होते. मध्ये गुडघाभर उंचीचा दुभाजक. त्या दुभाजकाच्या पलीकडे, ट्रकांच्या बाजूला, साडू वाकून उभा होता. एक हात दुभाजकावर घट्ट रोवलेला. कोपर सोललेलं, गुडघ्यावरून रक्त सुकत आलेलं. पाणी वाटणारी एक बाई अलीकडून त्याला काहीतरी समजावत होती.

"तुमचे आहेत का हे?" तिने तपासनिसाला विचारलं. "किती वेळ झाला, हलायला तयार नाहीत. साडू पुढे गेलेत, ते येतील परत, एवढंच म्हणतात."

तपासनीस दुभाजक ओलांडून त्याच्या जवळ गेला.

"साडूबुवा?" साडूने मान वळवली, पण जरा भलतीकडेच. "तुम्हीच ना?"

"मीच."

"म्हटलं ना बाईंना, येतील म्हणून!" साडूचा चेहरा केवढा उजळला. "काय पळालात हो आज! हाका मारून घसा बसला माझा, पण तुम्ही वळाल तर शपथ. म्हटलं, पेटलाय आज गडी. असंच पळायचं असतं." मग त्याचा आवाज उतरला. "आवाजावरून तुम्हाला कळलंय वाटतं. हिने सांगितलं?"

"हो. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हळू पळाला असता. दया म्हणून." साडूने ओठांवरून हात फिरवला. "मला तुम्हाला एकदा तरी खरोखर हरवायचं होतं, दिसतंय तोवर. बेत ठरला होता माझा. सगळी शर्यत तुमच्या पाठीमागे लपायचं आणि मैदानाजवळ, तिथे दोर बांधलेले असतात बघा, तिथे सरळ सुटायचं. तिथे मला कुणी लागत नाही पुढे. ऐन वेळी टाकणार होतो तुम्हाला मागे."

तपासनिसाचा संशय तंतोतंत खरा होता. आणि तो खरा होता म्हणूनच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण एक कळत नाही," साडू म्हणाला. "कालवा आलाच नाही. पाण्याचा वास येतो तिथे, तो आला नाही. हा रस्ता कुठला?"

रस्ता चुकलो आपण, दोघंही. एवढं म्हटलं असतं की मिटलं असतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं तपासनिसाच्या, आणि समोरच्याने ते डोळे झाकून खरं मानलं असतं.

"तो मी नव्हतो," तो म्हणाला. "तुमच्या पुढे पळत होता तो. शर्ट दुसऱ्याला दिला मी. तुम्हाला चकवायला."

साडूने चेहरा ट्रकांच्या आवाजाकडे फिरवला.

"बोगद्यात हाक मारलीत, तेव्हा मी होतो. ओ मीच दिली. तेव्हा शर्ट काढत होतो. मला वाटलं, तुम्ही काहीतरी डाव... मला ठाऊक नव्हतं हो. खरंच ठाऊक नव्हतं."

एक ट्रक अगदी जवळून गेला. साडूने दुभाजकावरची पकड आवळली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर आणखी बरं. पण तो फक्त "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "चला. ही वाट बघत असेल."

तपासनिसाने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. साडूने तो काढून घेतला नाही. दोघं दुभाजकाकडे वळले.

"इथे ओलांडायचंय. मग एक पायरी खाली," तपासनीस म्हणाला.

साडू थांबला. त्याने बुटाचं टोक पुढे सरकवलं, खाली चाचपलं. पायरी होती. मगच त्याने पाय टाकला.

"आता काही नाही. सरळ आहे."

साडू पुन्हा थांबला आणि पुन्हा बुटाने चाचपून पाहिलं. पुलापर्यंतचा सगळा रस्ता सपाट होता. तपासनीस थोड्या थोड्या वेळाने "सपाट आहे, या" असं सांगत राहिला, आणि साडू दर वेळी आधी बूट पुढे सरकवून बघत राहिला.